शंभरातले चाळीस

कॅन्सर नोंदणी कार्यालयातल्या ताईंचं काम एका वाक्याचं. आजाराच्या नोंदीला पाच वर्षं झाली की पेशंटच्या घरी फोन लावायचा आणि विचारायचं, "पेशंट हयात आहेत का?" "कसे आहात?" म्हणायला सक्त मनाई, माणूस गेलेल्या घरात तो प्रश्न म्हणजे जखमेवर मीठ. वीस वर्षांत ताईंचा आवाज कधी कापला नव्हता.

आज यादीत सख्ख्या धाकट्या भावाचा नंबर आला.

पाच वर्षांपूर्वी आजार कळला तेव्हा त्याने कॅन्सरनंतर किती जगतात याचा देशोदेशींचा तक्ता उघडला होता. तो कॉम्प्युटरवर कुणालाही बघता येतो. त्याच्या आजारात आपल्याकडे शंभरातले चाळीस पाच वर्षं काढतात, शेजारच्या देशात सत्तर. लगेच फोन आला, "ताई, हे आकडे तुमचंच कार्यालय भरतं ना? मग मी चाळिसांतला की नाही?"

ताई घाबरल्या आणि खेकसल्या, "तक्त्यात स्वतःला शोधायचं नसतं, मूर्खा!" त्याने फोन आपटला, तेव्हापासून अबोला. काही बरंवाईट झालं असतं तर कळलंच असतं, असं त्या मनाला समजावत. पण अबोला धरलेलं घर कळवेल कशाला?

फोन भावजयीने उचलला. "कोण?"

"नोंदणी कार्यालय." ताईंनी ठरलेला प्रश्न सुरू केला. "पेशंट..."

पुढचा शब्द फुटेना. मग पलीकडे फोन कुणीतरी हातात घेतला, खाकरल्याचा आवाज आला.

"चाळिसांत लिही, ताई."