दादाचा आखूड कामठा

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहापूरच्या बाजारात दुधी निवडत होते. पुतण्याला धड बोलता येत नव्हतं. "आत्या, बाबा गेले... तू ये." मी बरं म्हटलं, मोबाइल पिशवीत टाकला आणि हातातला दुधी तसाच भाजीवाल्यापुढे वजनाला धरला. रडू आलं नाही. सख्खा भाऊ गेला आणि मनात पहिला विचार आला तो हा, की सुटला. अकरा वर्षं मी ज्या एका वाक्याची वाट पाहत होते, ते न बोलता सुटला. आज त्याला जाऊन दीड महिना झाला. अशा लेखात लोक गेलेल्या माणसाचे गुण सांगतात. मला ते जमेलसं वाटत नाही... जे झालं ते मात्र सांगता येईल.

बाळारामदादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. आमचं गाव वैशाखऱ्याजवळ, माळशेजच्या रस्त्यापासून आत. वडील लवकर गेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो दादाचाच. सहा फुटांच्या वर उंच, आणि हात त्या उंचीलाही जास्त वाटावेत इतके लांब. माळ्यावरची पाटी तो उभ्याउभ्या काढायचा, आम्हाला शिडी लागायची. मला मुरबाडला दहावीपर्यंत शिकवलं ते त्यानंच, हे मी नाकारत नाही. पण दर सणाला, दर पाहुण्यापुढे तो ते बोलून दाखवायचा. आणि कुणी त्याची चूक दाखवली की हसायचा. चिडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हसणाऱ्याचं काय करणार? माझं लग्नही त्यानंच जमवलं. पद्माकर, शहापूर तालुक्यातल्या शेतकरी घरातले, पण लाकूडकाम शिकून दुकान टाकलेले. "शांत मानूस हाय, तुझं तोंड झेपंल त्याला," असं दादा सगळ्यांसमोर म्हणाला होता.

ह्यांचा हात लहानपणापासून कामठ्यावर बसलेला. कामठा म्हणजे धनुष्य, बांबूचं नाहीतर लाकडाचं. ह्यांच्या गावाला प्रत्येक घरात एखादा तरी असायचा. दादाला तो नाद लागला दोन हजार सालानंतर. तेव्हा तो कल्याणच्या बाजूला एका कारखान्यात होता, आणि तिथे कुणीतरी त्याला स्पर्धेतलं धनुष्य दाखवलं, दोन्ही टोकं उलटी, बाहेरच्या बाजूला वळलेली. अशी टोकं असली की आखूड धनुष्यातूनही बाण जोरात सुटतो, एवढंच तो ऐकून आला. आमच्याकडे भात पिकायला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका फेरीत अख्खं खाचर लोळवून जायची. शिकारीला बंदी होती, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. दादालाही. त्यानं ह्यांना निरोप धाडला, टोकं वळवलेला कामठा करून आण, आखूड पाहिजे.

ह्यांनी दोन करून नेले. एक दादाच्या हनुवटीला लागेल एवढा लांब, दुसरा कमरेच्या जरा वर येणारा. अंगणात दादानं आधी लांब कामठा ओढला. दोरी कानापर्यंत आली, सरळ, एका दमात. मग आखूड घेतला. त्याची दोरी हनुवटीपर्यंत नीट आली आणि पुढे कानापर्यंतच्या चार बोटं अंतराला एकदम जड झाली. दोरीचा कोन इतका अरुंद झाला की दादाची बोटं तिच्यात चिमटली. लाकूड बारीक कुरकुरलं. मी ओटीवर बसले होते, मलाही ऐकू आलं.

"दादा, ह्यो तुमच्या हाताचा नाय," हे म्हणाले. "माझ्यासारख्या बुटक्याला चालंल. तुमचे हात लांब, म्हंजे ओढ लांब. एवढ्याशा लाकडाला तेवढं वाकायला जागाच नाय. लांबवाला घ्या."

"आन् कारवीच्या झुडपांत तो अडकला म्हंजे? डुक्कर थांबणार हाय काय माझ्यासाठी?"

"मग आखूडच घ्या, पन कानापर्यंत नका ओढू. हनुवटीशी थांबा."

दादा हसला. "मी काय अर्धाच ओढू रे? बाईमानूस हाय काय मी?"

ह्यांनी दोन्ही कामठे बांधून परत नेले. शहापूरला आल्यावर त्यांनी सहा तीर केले, मुद्दाम चार बोटं कमी ठेवलेले. तिराचं टोक कामठ्याशी आलं की हात आपोआप थांबणार. माणूस ऐकत नसला तर लाकडानं तरी त्याला अडवावं, असा त्यांचा हिशेब. लांब कामठा त्यांनी घरी ठेवून घेतला, आखूड आणि ते सहा तीर दादाला पोहोचवले. वर बजावूनही सांगितलं, "दुसरे तीर लावू नका." दादा म्हणाला, "बरं बाबा, मास्तर."

त्याच वर्षी दसऱ्यानंतर आम्ही दोघं माझ्या माहेरी गेलो होतो. दुपारची जेवणं झाली आणि कुणीतरी सांगत आलं की ओढ्यापलीकडच्या कारवीत डुक्कर बसलंय. दादानं कामठा घेतला आणि ह्यांना म्हणाला, "चल." मी नको म्हणत होते. हे म्हणाले, "येतो लगेच." तासाभरात चौघं जण ह्यांना धरून घेऊन आले. चेहऱ्यावर बांधलेला टॉवेल भिजून लाल झाला होता. झालं होतं असं, की डुक्कर समोर आलं, दादानं पूर्ण ताकदीनं ओढलं आणि कामठा वरच्या वळणाशी फुटला. हे त्याच्या डाव्या बाजूला अर्धं पाऊल मागे उभे होते. फुटलेली ढलपी थेट ह्यांच्या उजव्या डोळ्यात गेली. दादाला ओरखडाही नाही.

जीपनं मुरबाड, तिथून कल्याण. वाटेत दादा एवढंच म्हणाला, "डॉक्टरला शिकारीचं सांगू नका. दुकानात मशीनवर लागलं म्हना." आम्ही तसंच सांगितलं. डोळा गेला. त्या वेळी मला दादाचा राग नव्हता, खोटं वाटेल, पण नव्हता. अपघात आहे, असंच मी धरून चालले होते. राग आला तो पुढे महिन्याभरानं. धसईच्या बाजारात एक ओळखीची बाई मला म्हणाली, "तुझ्या नवऱ्यानं कच्चं लाकूड वापरलं ना गो? तुझा भाऊ सांगत व्हता." दादानं ते गावभर सांगितलं होतं. लाकूड कच्चं, काम कच्चं, म्हणून कामठा फुटला. ज्या माणसानं लाकूड दोन उन्हाळे सुकवल्याशिवाय कधी रंध्याखाली घेतलं नाही, त्याच्याविषयी. मुरबाडच्या बाजूनं ह्यांच्याकडे दारं-खिडक्यांची कामं यायची, ती हळूहळू थांबली. एका डोळ्यानं सरळ रेघ ओळखायला हे नव्यानं शिकत होते. सकाळी उठून नुसत्या फळ्या कापायचे, वाकड्या गेल्या की पुन्हा कापायचे... आणि तिकडे माझा भाऊ ओटीवर बसून लोकांना कच्च्या लाकडाची गोष्ट सांगत होता.

मी एकटीच एसटीनं गेले. दादा ओटीवरच होता. मी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं, "दादा, तू किती ओढलंस?"

तो हसला. तेच हसू. "लाकूड कच्चं व्हतं, सुमे. मला नाय लागलं ते नशीब समज."

"तीर कुठला लावलेलास?"

"त्यानंच दिलेला. दुसरा कुठला लावणार?"

मी तिथेच मागे फिरले. पाणीही घेतलं नाही. त्यानंतर अकरा भाऊबिजा गेल्या, मी माहेरी पाऊल ठेवलं नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली, तीही मी कपाटावर तशीच टाकून दिली. हे एकटेच जाऊन आले. मला त्याचाही राग आला.

शेवटी दादाला फुप्फुसाचा आजार झाला. वहिनीचा फोन आला म्हणून मी गेले. वाटलं, आता तरी बोलेल. तो खाटेवर उशाला टेकून बसला होता, हात दोन्ही बाजूंना लोंबत होते. माझ्याकडे बघून म्हणाला, "पद्माकर नाय आला?"

"नाय."

"बरा हाय ना?"

"एका डोळ्यानं जेवढं बरं असतं मानूस, तेवढे हायत."

त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी तासभर बसले. त्याला खोकला आला की पाणी देत होते आणि मनात म्हणत होते, बोल. आता बोल. तो बोलला नाही. जीप येईल म्हणून मी उठले.

तेराव्याला आम्ही दोघंही गेलो. मांडवात जेवणं चालली असताना आमच्या एका चुलत्यांनी जुन्या गोष्टी काढल्या. दादाचा नेम कसा होता, आणि त्या दिवशी लाकूड कच्चं निघालं नसतं तर डुक्कर पडलंच असतं. हे शेजारी बसून मुकाट्यानं जेवत होते. माझ्या हातात वाढायची पळी होती. मी म्हटलं, "लाकूड कच्चं नव्हतं, काका. दादा खोटं बोलला." तेवढ्यात वहिनी आली आणि माझ्या दंडाला धरून मला आत चुलीपाशी घेऊन गेली. मला वाटलं, आता ही भांडणार. ती दार लोटून म्हणाली, "वन्सं, मला म्हाईत हाय. त्यांनी सवताचे लांब तीर केलेले. त्या दिशी तुमी जीपमधी बसला ना, तवा हे पाणी प्यायला म्हनून घरात आले. तीर घेऊन आले, गुडघ्यावर मोडला आन् ह्या चुलीत घातला. मला म्हनाले, माझ्याच हातानं झालं, पन बोलायचं नाय."

"आणि तू अकरा वर्षं बोलली नाहीस?"

"कसं बोलणार? घरात त्यांचं हसू तुमी बघितलंव ना..." तिला रडू फुटलं. मी तिला जवळ घेतलं नाही. घ्यायला हवं होतं कदाचित. पण मला दिसत होता तो मोडलेला तीर. जीपचं इंजिन बाहेर चालू होतं, माझ्या नवऱ्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं, आणि माझा भाऊ घरात पुरावा जाळत होता.

परतीच्या जीपमध्ये मी ह्यांना सगळं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मला ठाऊक व्हतं. मी बाजूलाच उभा व्हतो ना. तीर किती लांब हाय ते बघूनच त्याला थांब म्हनायला पुढं झालो, तवाच फुटला."

"मग बोलला का नाही कधी?"

"तुला एकच भाऊ. मी बोललो असतो तर तो पन गेला असता."

तो तसाही गेलाच होता, हे मी त्यांना सांगितलं नाही.

निघताना वहिनीनं एक पिशवी हातात दिली होती. घरी येऊन उघडली तर दादाचे दोन शर्ट, जवळजवळ नवे. मी बोहारणीला द्यायला काढून ठेवले होते. ह्यांनी त्यातला निळा उचलला आणि दुकानात घालायला घेतला. "कापड चांगलं हाय," म्हणाले. बाह्या ह्यांच्या बोटांच्याही खाली येतात, म्हणून त्यांना चार-चार घड्या घालतात. दिवसभर रंधा चालतो आणि भुसा त्या घड्यांत जाऊन बसतो. संध्याकाळी मी शर्ट मागच्या दारी नेते, घड्या उलगडते. बाह्या लांबच लांब खाली सुटतात... मग मी त्या धरून धुण्याच्या दगडावर आपटते, भुसा निघून गेला तरी आपटत राहते.