हाताला गुण

पेट्रोलचा वास आला की माझं डोकं अजूनही तापतं. आणे घाटाखाली आमची जुनी पिकअप मिसिंग करत होती, इंजिन अडखळत होतं, मागे टोमॅटो उन्हात मऊ पडत होते आणि नारायणगावचा बाजार गाठायचा होता. मेकॅनिक तासभर कार्बोरेटरचा स्क्रू पिळत होता. "कुठूनतरी हवा ओढल्याचा आवाज येतोय," मी हळूच म्हणाले. "भाऊ, पोरगी इंग्लिश मीडियमची ना? गाडीशी इंग्रजीत बोलाय सांगा," तो म्हणाला, आणि पप्पाही हसले. संतापून मी कार्बोरेटरजवळच्या चिरलेल्या रबरी पाइपवर बोट दाबलं, तसं इंजिन एका लयीत चालू लागलं. माझं बोट बाजूला सारून त्याने तिथे टेप गुंडाळली. "तुमच्या हाताला लई गुण हाय, राव," पप्पा त्याला म्हणाले. ते अजून ही गोष्ट पाहुण्यांना कौतुकाने सांगतात, आणि बोट माझं होतं हे मी अजूनही दात आवळून गिळते.