अकरा मुलांची पालक

"घरात तुझं कोणी ऐकत नाही, म्हणून दुसऱ्यांची पोरं धरलीस," असं आमच्या ह्यांचं म्हणणं. खोटं नव्हतं. मुलगा पुण्याला, मुलगी कायम मोबाइलमध्ये. मग मी औरंगपुऱ्यामागच्या गल्लीत, देवळाच्या सभागृहात, शाळा सुटल्यावर मुलांचा गृहपाठ करून घेऊ लागले. फुकट. फुकट काम करणाऱ्या बाईचा रुबाब पगारदाराला कुठून येणार!

चौथीतली एक मुलगी रोज रडवेली यायची. गृहपाठाच्या खाली पालकाची सही लागे. नसली की शाळेत वर्गाबाहेर उभं करत.

"आई सही करत नाही का गं?"

"करती ना काकू. मीच शिकवली. पण तिला लई वेळ लागतो. कामाला उशीर झाला की राहून जाती."

आई देवगाव रंगारीकडची. मेंढरं विकून शहरात आलेली, चार घरी धुणीभांडी करणारी. मी म्हटलं, "आण ती वही इकडं."

माझी सही मोठी झोकदार आहे. कॉलेजात वह्यांची मागची पानं भरून घोटवलेली. खाली एक फटकारा नि दोन टिंबं. पुढं त्या सहीचं सगळं आयुष्य गॅसच्या पावत्यांवर गेलं. आता तिला बरे दिवस आले. बघता बघता पोरांची रांग लागली. दोन बाळंतपणांत मी बेजार झाले होते, इथं आठवड्यात अकरा मुलांची पालक झाले. अकरा वह्यांत एकच सही, पण शाळेत कोणी विचारलं नाही. खाली काहीतरी निळं दिसलं की त्यांचं भागत असावं.

दिवाळीनंतर पहिल्या सत्राचा निकाल लागला. दोन दिवसांनी त्या मुलीची आई सभागृहाच्या दारात आली. पदरानं अंगठा पुसत होती.

"बाई, तुमची सही लई भारी हाय."

मी फुशारले. "अहो, बसा ना."

"नाय, कामं पडल्यात. निकालाला गेल्ते. मास्तरीणबाईनं रजिस्टर पुढं केलं. सही यायची मला. रोज वहीत एकदा काढायची, पोरगी हात धरायची. मग वहीत तुमचीच येऊ लागली. म्हणलं, पोरीचं काम भागलं, आपण कशाला गिरवायचं? परवा पेन धरला तर दुसऱ्या अक्षरापाशी हात आडला. मागं लाईन. शेवटी अंगठा लावला."

हे ती हसत सांगत होती. शेजारी मुलगी मान खाली घालून उभी.

"चुकलं माझं," मी म्हटलं. "आजपासून सही तुम्हीच करायची. वेळ लागू द्या."

"आता पोरगीच नको म्हणती."

मुलगी पुटपुटली, "काकूंचीच चांगली दिसती."

त्या संध्याकाळी मी एकाही वहीवर सही केली नाही. तत्त्वाची बाई ना मी! दुसऱ्या दिवशी ती मुलगी वर्गाबाहेर उभी राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं उघडली, पेनाचं टोपण काढून ठेवलं, नि वाट बघत बसली.

मी सही केली. ह्या वेळी फटकारा मारला नाही, टिंबंही दिली नाहीत. तेवढ्यानं काय होतंय!