वडिलांच्या कॅसेटी आणि आजोबांचा आवाज

माझे वडील नाशिकच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळायचे. नव्वदच्या दशकात आमच्या घरी व्हीसीआर आला आणि त्यांनी घरातही आवक सुरू केली. जावक मात्र कधीच नव्हती.

टीव्हीवर सिनेमा लागला की ते रिमोट घेऊन टीव्हीसमोर उभे राहत. बसत नसत, कारण जाहिरात आली की रेकॉर्डिंग थांबवायचं असे. थांबवायला ते चुकत नसत, पुन्हा सुरू करायला हमखास विसरत. त्यामुळे आमच्या संग्रहात खलनायक पिस्तूल काढतो आणि पुढच्याच क्षणी सगळं कुटुंब हसत फोटोला उभं असतं.

कॅसेटी वाढल्या तशा गोधड्या कपाटातून माळ्यावर गेल्या. पाहुण्यांना चहाआधी कपाट दाखवलं जाई.

"एवढ्या बघता कधी?" एकदा शेजारच्या काकूंनी विचारलं.

"बघायचं निवृत्तीनंतर. आत्ता जमवायचं," वडील म्हणाले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी बघायला नाही, वर्गवारी करायला घेतलं. ओल्या फडक्याने जुन्या चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि 'धार्मिक', 'कौटुंबिक', 'मारामारी' अशा नव्या चिकटवल्या. तोवर बाजारात सीडी आली होती. मग तेच सिनेमे सीडीवर आले, पुढे डीव्हीडीवर. एक सिनेमा आमच्याकडे तीन प्रकारांत होता आणि घरातल्या कुणीही तो एकदाही पाहिलेला नव्हता.

अशात माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, गेले. मखमलाबादकडे त्यांचा फुलांचा मळा होता. त्यांचे फोटो पुष्कळ होते, पण सगळ्यांत ते पासपोर्टला बसल्यासारखे ताठ. काही महिन्यांनी आई एका दुपारी म्हणाली, "दादाच्या लग्नाची कॅसेट काढा. मला बाबांचा आवाज ऐकायचाय."

दादा म्हणजे माझा मामा. लग्न मळ्यातच झालं होतं आणि त्याचं शूटिंग केलेलं होतं. वडील रुबाबात उठले, कपाट उघडलं आणि 'कौटुंबिक'मध्ये हात घातला. सासू-सुनांची भांडणं निघाली, लग्न निघालं नाही. 'धार्मिक'मध्येही नव्हतं. तीन दिवस आम्ही एकेक कॅसेट लावत बसलो. वडिलांनी जमवलेले सिनेमे पाहिले गेले ते तेवढेच, तेही दोन-दोन मिनिटं.

शेवटी लग्न सापडलं 'मारामारी'त.

"चुकून गेलं असेल," वडील म्हणाले.

"चुकून नाही. मानाचा फेटा आधी धाकट्या जावयाला बांधला म्हणून तुम्ही जेवला नव्हतात. ते लक्षात ठेवून टाकलंय," आई म्हणाली.

वडिलांनी कॅसेट आत सरकवली.

हळद, वरात, अक्षता, पंगत. आजोबा कुठेच बोलेनात. आईचा चेहरा पडत चालला. मग नवरा-नवरी मळ्यात उभी राहिली, चित्र हलायला लागलं, कारण कॅमेरावाला मागे मागे सरकत होता, आणि एकदम नवरा-नवरीच्या मागे उभ्या आजोबांचा आवाज आला :

"ओ व्हिडिओवाले, मागं बघा! शेवंती हाय ती! तुडवू नका. नवरदेव काय पळून नाय चालला!"

आई हसली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. वडिलांनी न सांगता कॅसेट मागे घेतली. त्या दुपारी आजोबा नऊ-दहा वेळा ओरडले.

कॅसेटीला बुरशी धरायला लागली होती, म्हणून वडील ती डीव्हीडी करायला एका स्टुडिओत देऊन आले. आठवड्याने डीव्हीडी आली. नवरा-नवरीभोवती बदामाचे आकार उडत होते आणि शेवंतीच्या ताटव्यावर सनई वाजत होती. आजोबांचे ओठ हलत होते, एवढंच.

वडील तडक स्टुडिओत गेले. मी सोबत होते.

"काका, मागे कुणीतरी म्हातारा ओरडत होता. तो आवाज आम्ही काढून टाकला," स्टुडिओवाला कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

"तो म्हातारा माझा सासरा होता!" वडील ओरडले. ज्या सासऱ्याशी फेट्यावरून ते दोन वर्षं बोलले नव्हते, त्याच्यासाठी ते भर दुकानात भांडत होते. स्टुडिओवाल्याने सनई काढून द्यायची तयारी दाखवली, पण वडिलांचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता. ते मूळ कॅसेट घेऊन घरी आले.

शेवटी मी साधा उपाय केला. व्हीसीआर लावला, नवा मोबाइल टीव्हीसमोर धरला आणि तेवढा तुकडा उतरवून घेतला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तीही त्यात आली. वडील मागून "शांत बसा रे!" म्हणाले, तेही आलं.

"पुन्हा घेऊ का?" मी विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. तिने मोबाइल माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि बाहेर अंगणात जाऊन बसली.