ताईंचा हात लागल्याशिवाय

आमच्या वऱ्हाडात काही कामं कुणालाही जमतील अशी असतात, पण ती कुणालाही करू दिली जात नाहीत. लोणच्यात मीठ घालायला गल्लीतली एक ठरावीक बाईच लागते. दुसरीनं घातलं तर ते बुरसतं, असं सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणीच कधी तपासलेलं नसतं. आमच्या ऑफिसात हा मान ताईंकडे होता. फक्त त्या घालायच्या ते लोणचं नव्हतं, लिनक्स होतं.

मी अमरावतीला राहतो आणि बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला कामाला जातो. आमची कंपनी म्हणजे एका गाळ्यात मावणारी तीन टाळकी. आम्ही डबा बनवतो. डाळमिलमध्ये काट्याशेजारी भिंतीला ठोकलेला असतो तो. पोत्याचं वजन घेतो, तुरीतला ओलावा मोजतो आणि पावती छापतो. त्याच्या पोटात तळहाताएवढा कॉम्प्युटर असतो आणि त्यावर लिनक्स, म्हणजे त्याला चालवणारी मूळ प्रणाली, चालतं.

हे लिनक्स आयतं आणून भरता येत नाही. ते शेकडो पॅकेजांचं बनतं: एक घड्याळ सांभाळतं, एक नेटवर्क बघतं, एक छपाई करतं. प्रत्येक पॅकेजची रेसिपी असते. धंद्यात शब्दच तो आहे, मी चवीसाठी घातलेला नाही. बिल्ड सिस्टीम या रेसिप्या वाचते, दुपारभर शिजवते आणि डब्यात भरायचं गाठोडं तयार करून देते; या शिजत घालण्याला आम्ही बिल्ड लावणं म्हणतो.

आता आमचे डबे दोन तऱ्हेचे. जुन्या डब्याच्या प्रिंटरला छपाईच्या पॅकेजची जुनीच आवृत्ती कळते, नव्या डब्याला नवीच लागते. म्हणून दोन्ही रेसिप्या एकाच फोल्डरमध्ये दोन जावांसारख्या नांदत होत्या. बिल्ड सिस्टीमचा स्वभाव असा, की तिला मुद्दाम काही सांगितलं नाही तर ती मोठ्या आकड्याची आवृत्ती उचलते. ‘जुन्या डब्याला जुनीच दे’ असं कुठंतरी लिहून ठेवावं लागतं. ते आपण लिहिलेलं आहे, अशी आम्हा सगळ्यांची समजूत होती. कारण ताईंनी बिल्ड लावला की जुना डबा सुरेख पावती छापायचा.

मी लावला की पावती कोरी निघायची. मालकांनी लावला तरी कोरीच.

तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली माणसं, कारण शोधायचं. कशाला शोधायचं? ताई होत्या ना. जुन्या डब्याचं काम आलं की त्या चहाचा कप दूर सरकवायच्या, मोरीत जाऊन हात धुवायच्या, पदराला पुसायच्या आणि एंटर दाबायच्या. मी आणि मालक मागे आरतीला उभं राहावं तसे उभे. मालक आमच्याहून वयानं लहान, पण श्रद्धेनं मोठे. दसऱ्याला त्यांनी ताईंच्या कॉम्प्युटरला जरा जास्तच कुंकू लावलं होतं.

हे सगळं मजेत चाललं होतं, तोवर ताईंच्या लेकीचे दिवस भरत आले. लेक धामणगाव रेल्वे या गावी दिलेली. पहिलं बाळंतपण ताईंनी अकोल्यातच केलं होतं. हे दुसरं, तिच्या सासरी होणार, आणि तिथे सासूबाई हयात नाहीत. ताईंना दोन महिने तिकडे जायचं होतं. नेमकी तुरीची आवक सुरू व्हायची वेळ आणि पावतीचा नमुना बदललेला, म्हणजे बाळापूरपासून दर्यापूरपर्यंतच्या सगळ्या जुन्या डब्यांत नवं गाठोडं भरणं आलं. एकदा भरलं की संपलं, असंही नव्हतं. आठवड्याला काही ना काही बदल निघणार होता.

मालक अगदी काकुळतीला आले. “ताई, तुमी गेल्यावर बिल्ड कोन लावन?”

“मले काय माहीत,” ताई म्हणाल्या. “मी काय जन्मभर इथंच बसू? पोरगी तिकडे एकटी हाये.”

“कॉम्प्युटर संग न्या ना. मी जीप करून देतो.”

“तिथं बाळंतिणीच्या खाटेले जागा नाही अन् तुमचा हा पेटारा कुठं ठेवू? पाळण्यात?”

मालकांनी जीपचा हट्ट सोडला, पण रजेवर सही केली नाही. ताईंचा चेहरा उतरला. संध्याकाळी लेकीचा फोन आला तेव्हा त्या व्हरांड्यात जाऊन म्हणाल्या, “पाहतो वं बाई, येतोच मी,” आणि आत येऊन निवलेला चहा मोरीत ओतून दिला. तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की ही आपली आरती आता फार झाली.

दोनच दिवसांनी ताई उजव्या हाताला पट्टी बांधून आल्या. लेकीसाठी शेव तळताना तेल उडालं होतं. आणि त्याच दिवशी बाळापूरच्या मिलसाठी बिल्ड हवा होता. मालकांनी पट्टीकडे असं पाहिलं, जणू धरणाला भेग पडली.

“तुमी बसा भाऊ,” ताई मला म्हणाल्या. “मी बाजूले बसतो. सांगतो तसं दाबा.”

मी त्यांच्या खुर्चीवर बसलो. खोटं कशाला बोलू, हात धुऊन बसलो. एंटर दाबला. संध्याकाळी टेबलावरच्या जुन्या डब्यात गाठोडं भरलं आणि पावती निघाली. छापील. शेवटच्या ओळीपर्यंत काळीभोर.

“पाहा,” मालक म्हणाले, “ताईची नजर पडली तरी काम होते.”

मला मात्र वेगळीच खुमखुमी आली. दुसऱ्या दिवशी ताईंना मी शेजारच्या दुकानात चहाला पिटाळलं आणि त्यांच्या माघारी, त्यांच्याच कॉम्प्युटरवर पुन्हा बिल्ड लावला. छापील. तिसऱ्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर लावला. कोरी.

“म्हंजे गुण हातात नाही,” मी जाहीर केलं. “पेटाऱ्यात हाये.”

“तरी मी म्हनत होतो,” मालक म्हणाले आणि त्यांची नजर कुंकवाच्या डागाकडे गेली.

मग मी ताईंच्या परवानगीनं पेटारा उघडून बसलो. रेसिप्या सगळ्यांच्या सारख्याच असतात, कारण त्या एका ठिकाणाहून येतात. पण प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर एक खासगी सेटिंगची फाईल असते. ती कुणी कुणाला देत नाही, बघतही नाही. ताईंच्या त्या फाईलमध्ये, अगदी तळाशी, एकच ओळ होती: जुना डबा असेल तर छपाईची जुनी आवृत्ती घे. पहिल्या चाचणीच्या वेळी त्यांनी करून पाहायला लिहिली होती. चाललं, आणि त्या विसरून गेल्या.

ताई ती ओळ बराच वेळ वाचत राहिल्या. “एवढंच?”

“एवढंच.”

ती ओळ मी तिथून उचलली आणि जुन्या डब्याच्या सामाईक फाईलमध्ये ठेवली. वर कारण लिहिलं, म्हणजे पुढं कुणी जळमट समजून झाडायला नको. मग माझ्या कॉम्प्युटरवर बिल्ड लावला. पावती छापील निघाली. मालकांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली, उजेडाकडे धरली. मग खिशातलं पेन काढलं आणि ताईंच्या रजेवर सही केली.

नात झाली. पेढे मालकांनीच वाटले. त्यानंतर एका सकाळी मी अमरावतीत घरी बसून दर्यापूरच्या डब्यांसाठी बिल्ड लावला आणि गाठोडं नेटवरून धाडलं. दुपारी मिलमधून पावतीचा फोटो आला आणि पाठोपाठ ताईंचा फोन.

“कोरी का छापील?”

“छापील.”

“हात धुतले होते?”

“नाही.”

“म्हंजे इतके दिवस माह्या हाताले काही गुण नव्हता म्हना.”

“ताई, ती ओळ कोणाच्या हातची होती?”

त्या हसल्या. तेवढ्यात तिकडे नात रडायला लागली. मागून लेकीचा आवाज आला, “आई, तू ये वं. मी तेल लावलं का ही किंचाळते. तुहाच हात पायजे इले.”

“आली,” ताई म्हणाल्या. फोन बंद करायचा त्या विसरल्या, आणि मीही केला नाही. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. ताई हात धूत होत्या.