एकशेसत्तावीसकाका

आमच्या रक्तपेढीत येणाऱ्या कुणालाही चहा मिळे, माहिती मात्र मिळत नसे. ही व्यवस्था एकशेसत्तावीसकाकांची. त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं होतं.

रक्तदात्यांच्या सगळ्या नोंदी लिनक्स प्रणालीच्या एका संगणकात होत्या आणि तो काकांच्या ताब्यात. आधी तो इंटरनेटवरून कुणीही हाक मारली तरी ओ देई. काकांनी आल्या आल्या त्याच्या सेटिंगमध्ये १२७.०.०.१ हा पत्ता लिहिला. संगणक स्वतःला याच पत्त्यानं ओळखतो. म्हणजे माहिती हवी तर त्याच्यासमोरच येऊन बसायचं. बाहेरच्याचं त्याला ऐकूच जायचं नाही. तेव्हापासून काकांना हे नाव पडलं. त्यांना ते आवडायचंही.

आमच्या डॉक्टर मॅडमना पुंडलिकनगरच्या घरून मोबाइलवर नोंदी बघायच्या होत्या. काका म्हणाले, "मॅडम, कुणाच्या रक्तात काय निघालं ते हाय त्याच्यात. रिक्षा करून या. चहा मी पाजतो." मॅडम चिडल्या, पण आल्या. चहा काही बरा नव्हता.

हा कायदा त्यांनी स्वतःलाही लावला होता. एकदा संगणक अडला तेव्हा काका तापानं फणफणले होते. तरी पडेगावहून मफलर गुंडाळून आले, दोन ओळी टाइप केल्या आणि परत निघाले.

"घरून जमलं नसतं का?" मी विचारलं.

"मला जमलं असतं, तर मंग कुणालाबी जमलं असतं," ते म्हणाले.

पुढं काकांची बायपास झाली. एकटा माणूस, मुलीनं पुण्याला न्यायचा हट्ट धरला. मॅडमनी तोडगा काढला: फक्त काकांपुरती वाट उघडायची, त्यांनी पुण्यात बसून काम करायचं. या कामाशिवाय त्यांना दुसरं काहीच नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांना तर होतंच. दुपारभर ते संगणकासमोर बसून राहिले. कीबोर्डला बोटही लावलं नाही. मग उठून माझ्याकडं बघत मॅडमना म्हणाले, "नको. मी हिला समदं शिकवून जातो."

शिकवलं, आणि गेले.

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. "पोरी, आत्ता इथून तुमच्या मशिनमधी शिरून बघितलं. लई खटपट केली."

"मग?"

"नाय घेतलं आत."

मग तेच म्हणाले, "चांगलं झालं." पलीकडं मुलगी त्यांना जेवायला बोलावत होती. काकांनी फोन ठेवला नाही.