मेहुण्यांचा भुसा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी चहाचं विचारायचो, नाहीतर राजकारणावर यायचो. पण जयपूर शहरात नुसत्या वासावरून भुशाची कुंडली मांडणारा माणूस आजवर एकच झाला, तो आमच्या नात्यातला होता, आणि त्याच्याविषयी लोकांच्या मनात जे राहिलंय ते खरं नाही. हा माणूस म्हणजे माझे मेहुणे, बायकोचे थोरले बंधू. ती त्यांना दादा म्हणायची, म्हणून मीही दादाच म्हणायचो. ते मला जावईबापू म्हणत. त्यात मान किती आणि चेष्टा किती, हे त्यांनी शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

आम्ही दोघंही सोलापूरकडचे. मी बँकेच्या बदलीनं इथं आलो, ते विम्याच्या, आणि निवृत्त झाल्यावर दोघंही इथल्या दुर्गापुरा भागातच राहिलो. निवृत्तीनंतर माणसं सकाळी फिरायला जातात. दादा फिरत फिरत जगतपुऱ्याच्या टोकाला एका गोशाळेत गेले, ते वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे परत आलेच नाहीत. तिथं दूध काढायचं नाही, सगळं वासराला पाजायचं, असा त्यांनी दंडक घातला. म्हणजे गाईनं स्वतः जगायचं आणि वासरूही वाढवायचं, तेही थंडीत गोठ्यात राहून, बाजरीचा वाळका कडबा आणि गव्हाचा भुसा खाऊन. "जावईबापू, पोट भरलेली गाय वेगळी आणि पोसलेली गाय वेगळी," ते म्हणायचे. "नुसत्या भुशावर ती वासराला काय पाजणार? ढेकर?"

मग सुरू झाला त्यांचा भुशाचा संसार. त्यांच्या खिशात रुमाल नसेल, पण भुशाची पुडी असायचीच. सी-स्कीम भागातल्या माझ्या जुन्या शाखेत आम्ही दोघं पेन्शनच्या कामाला गेलो, तर त्यांनी मॅनेजरच्या काचेच्या टेबलावर ती उलटी केली आणि म्हणाले, "सूंघिए. इसमें जान है क्या?" तो बिचारा कोल्हापूरचा तरुण मुलगा, घाबरून मराठीतच "नाही" म्हणाला. मोहरीची पेंड आणली की दादा आधी स्वतः तुकडा चघळून बघत. एकदा आमच्या हिनं चहाबरोबर खारी ठेवली, तेव्हा एक घास खाऊन ते म्हणाले, "हिच्यापेक्षा माझ्या पेंडीत सत्त्व आहे." बहीण भावाशी आठवडाभर बोलली नाही. गाईंना त्यांनी आमच्या नात्यातल्या बायकांची नावं दिली होती, स्वभाव बघून. सगळ्यांना ढकलून गव्हाणीत आधी तोंड घालणारी ती आत्याबाई. त्यांच्याशी ते शुद्ध सोलापुरी मराठीत बोलत. गोशाळेतला गवळी म्हणायचा, "बाबूजी, आपकी गायें तो मराठी हो गईं." दादांना त्याचा फार अभिमान. "नातवाला येत नाही, निदान गाईंना तरी येतं!"

सगळ्यात धोकादायक म्हणजे त्यांची बोटं. गाईच्या फासळ्यांवरून बोटं फिरवून ती अंगात किती भरली आहे ते बघायची त्यांना सवय होती, आणि समोर गाय नसली तरी बोटं थांबत नसत. माझ्या मुलीला बघायला पुण्याचा मुलगा आला, इथंच एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करणारा. दादांनी त्याला प्रेमानं जवळ घेतलं, फासळ्या चाचपल्या आणि सगळ्यांसमोर निकाल दिला, "पोरगं जातिवंत आहे. वैरण निकृष्ट मिळालीय, एवढंच. थोडी पेंड लावा, उभं राहील." लग्न झालं. जावई आजही ती गोष्ट सांगतो आणि पोटावर हात फिरवतो.

पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, माणूस अडाणी हौशी नव्हता. दुर्गापुऱ्याच्या शेतकी संशोधन केंद्रात जाऊन जाऊन त्यांनी तिथल्या साहेबांना भंडावून सोडलं आणि भुशावर प्रक्रिया करायला शिकून आले. युरिया मोजून पाण्यात विरघळवायचा, भुशाच्या थरांवर शिंपडायचा, प्लॅस्टिकखाली गच्च झाकायचा आणि काही आठवडे हात लावायचा नाही. उघडल्यावर असा वास सुटायचा की शेजारच्या फ्लॅटवाल्यांनी तक्रार केली. दादा मात्र त्या ढिगापाशी अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे बसून असत. हा भुसा वारा देऊन, सवय लावत लावत घालायचा. जोडीला पेंड, गवारीची चुरी, मीठ आणि क्षार. पहिल्याच हिवाळ्यात फरक दिसला. ऐन थंडीत गाईंच्या अंगावर तकाकी होती आणि वासरं गोठ्यात नुसती उधळत होती. दुसऱ्या गोशाळांचे लोक बघायला आले. दादा त्यांना हिंडवत होते, आणि मी मागून सांगत होतो, "हमारे साले साहब हैं." आयुष्यात माझ्या प्रमोशनचंही मी एवढं मिरवलं नव्हतं.

पुढच्या संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाचा तिळगूळ समारंभ होता. जबाबदारी माझी होती. मी गुळपोळ्या आणि बाजरीचा खिचडा दणकून करवून घेतला आणि एक गोष्ट विसरलो: संक्रांतीला अख्खं जयपूर गच्चीवर पतंग उडवत असतं. आमची मुलंबाळंही. समारंभाला म्हातारी चार डोकी आली. उरलेलं अन्न बघून सगळे मला हसतील, या लाजेनं मी ते टोपांसकट रिक्षात घातलं आणि गोशाळेत नेलं. गाईच्या मुखी गेलं, पुण्यच झालं, असा विचार. दादा चांगली पेंड बघायला भरतपूरला गेले होते. गवळीही गच्चीवर होता. फाटकावर दादांनी स्वतः रंगवलेली पाटी होती, उरलेलं अन्न गाईंना घालू नये, अशी. हिंदीत आणि खाली मराठीत, खास आमच्या मंडळींसाठी. मी ती वाचली. आणि टोप गव्हाणीत रिकामे केले. बाकीच्यांच्या वाट्याला थोडं थोडं आलं. बहुतेक सगळं आत्याबाईनं खाल्लं. शिजलेलं धान्य असं एकदम पोटात गेलं की तिथं आंबतं आणि गाय दगावते; ती पाटी त्यासाठीच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं रवंथ सोडला, मान टाकली आणि संध्याकाळच्या आत गेली. मागे तिचं दूधपितं वासरू. डॉक्टर उशिरा आले. त्यांनी विचारलं, "खिलाया क्या था?" सगळ्यांच्या माना झाकलेल्या भुशाच्या ढिगाकडे वळल्या. माझीही. गोशाळेचे अध्यक्ष शेठजी म्हणाले, "मैंने पहले ही कहा था, बाबूजी, खाद खिलाओगे तो यही होगा." भरतपूरहून नुकतेच आलेले दादा पेंडीचं पोतं तसंच हातात धरून उभे होते. वाद घालायला त्यांना कधी निमित्त लागत नसे, पण त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "माझंच काहीतरी चुकलं असेल." मी शेजारी होतो. माझं तोंड उघडलं नाही.

त्यांनी उरलेला सगळा भुसा स्वतःच्या हातानं खड्ड्यात टाकला. आत्याबाईचं वासरू त्यांनी बाटलीनं दूध पाजून जगवलं. होळीपर्यंत बाकीच्या गाईंच्या फासळ्या लांबून दिसू लागल्या. आणि दादांनी माणसांच्या फासळ्या चाचपणं बंद केलं. नातवंडं मुद्दाम शर्ट वर करून समोर जायची, "आजोबा, देखो ना!" ते नुसतं डोक्यावरून हात फिरवायचे. आपल्याला त्यातलं कळत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं होतं, आणि तो समज खोटा आहे हे फक्त मला माहीत होतं. आज त्या भागातल्या कितीतरी गोठ्यांत हिवाळ्यात तसाच भुसा करतात आणि गाई उत्तम राहतात. तिथल्या कुणालाही दादांचं नाव ठाऊक नाही. माझ्या बायकोलाही हे सगळं हा मजकूर वाचूनच कळेल.

पुढं दादा-वहिनी धाकट्या मुलाकडे सोलापूरला राहायला गेले. दुर्गापुरा स्टेशनवर मी पोचवायला गेलो होतो. गाडी तिथं थोडाच वेळ थांबते. सामान चढवून झाल्यावर मी दारापाशी म्हटलं, "दादा, ते संक्रांतीचं..." त्यांनी मला पुढं बोलू दिलं नाही. "संक्रांतीला तुम्हीच या सोलापूरला, जावईबापू. आणि इथल्या गाईंना थंडीत बर्फासारखं पाणी पाजू देऊ नका, सांगा त्या गवळ्याला." गाडी हलली. मी हात हलवला. त्यानंतर सोलापूरला मी एकदाच गेलो, ते त्यांच्या दहाव्याला.

दादा, तुमचा भुसा बरोबर होता. तुमचं काहीही चुकलं नव्हतं. पोळ्या मी घातल्या. मला माफ करा.